अमेरिकेतल्या बायकांचे आकडे आपल्या रिपोर्टला कसे लावायचे, आणि कुठे अजिबात लावायचे नाहीत

मावशीच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर निघाला, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडला आणि अर्ध्या तासात न्यू जर्सीच्या ताईकडून सहा लिंका आल्या, मामाने हळदीचा फॉरवर्ड टाकला, आणि काकू म्हणाली की आपल्याकडच्या बायकांना म्हणे वेगळाच कॅन्सर होतो, जास्त वाईट. लिंकांमध्ये लिहिलेलं की हा आजार साधारण बासष्टीच्या आसपास निघतो, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार शंभरात दहा-पंधरा जणींनाच असतो, आणि पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वद बायका हयात असतात. मावशी ४३ ची आणि रिपोर्टवर ट्रिपल निगेटिव्ह. म्हणजे त्या लिंकांच्या हिशोबाने ती कुठे बसतच नव्हती.

मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम केलंय. त्यामुळे शब्द ओळखीचे होते आणि कुठे काय बिघडतं तेही बघितलेलं. तेव्हा जे जे केलं ते इथे लिहितेय, कारण त्यानंतर चार-पाच ओळखीच्यांनी हेच विचारलं आणि प्रत्येकीला तासभर फोनवर सांगत बसले.

आधी रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी शोधा. ग्रेड १, २ की ३, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात आणि किती वेगाने वाढताहेत. मग ईआर आणि पीआर, म्हणजे गाठीच्या पेशींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन पकडायचे हात आहेत का. टेस्टमध्ये एक टक्का पेशींना जरी रंग आला तरी तो पॉझिटिव्ह धरतात, एक ते दहा टक्के असेल तर लो पॉझिटिव्ह लिहितात. मग हर टू, पेशींची वाढ रेटणारं एक प्रोटीन, जे ०, १+, २+, ३+ असं येतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ निगेटिव्ह, आणि २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, फिश नावाची पुढची टेस्ट करायची. इथे खूप जण थांबतात, २+ बघून कोणी हो समजतं कोणी नाही समजतं, आणि फिशचे पैसे वाचवायला जातात, तसं करू नका, औषध सगळं त्यावर ठरतं. तिन्ही निगेटिव्ह आले की ट्रिपल निगेटिव्ह. शेवटी केआय ६७, किती टक्के पेशी वाढीला लागल्यात ते.

बायकांच्या वेगवेगळ्या समाजांत, वेगवेगळ्या देशांत फरक आहे असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा ते मुख्यतः याच ओळींबद्दल बोलत असतं. गोऱ्या अमेरिकन बायकांत ट्रिपल निगेटिव्ह साधारण शंभरात दहा, काळ्या अमेरिकन बायकांत त्याच्या दुप्पट, आणि भारतातले अभ्यास एकत्र केले तर शंभरात पंचवीस ते तीस. हा आकडा वाचून काकूचं वाक्य खरं वाटतं. पण त्याला सोलून बघायला लागतं, आत तीन वेगवेगळ्या गोष्टी निघतात आणि त्यातली एकच खरी बायॉलॉजी आहे.

पहिली गोष्ट वयाची. कल्पना करा एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये सगळी कॉलेजची पोरंच आहेत, आजी-आजोबा चार-पाच. तिथे सर्दीची साथ आली तर सर्दी झालेल्यांत पोरंच जास्त दिसणार, म्हणून सर्दी पोरांना शोधून पकडते असं नाही ना होत. भारतात तरुण बायका जास्त आणि सत्तरीच्या बायका कमी, अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांचा वाटा बराच मोठा. त्यामुळे आपल्याकडे पेशंटचं वय पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास घुटमळतं आणि तिकडे साठीच्या पुढे. वयानुसार वाटणी करून बघितलं तर चाळिशीतल्या भारतीय बाईचा धोका चाळिशीतल्या अमेरिकन बाईपेक्षा जास्त नाहीये, उलट कमीच भरतो. आपल्याकडे साठी-सत्तरीतल्या बायकांत हा आजार तिकडच्यापेक्षा खूपच कमी आहे, तिथे खरा मोठा फरक आहे. आपल्या आज्यांना विशीच्या आत पहिलं मूल, मग पाच-सहा पोरं आणि प्रत्येकाला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलेलं. बाळंतपण लवकर आणि जास्त, अंगावर पाजणं लांबलेलं, या दोन्हींनी धोका कमी होतो हे जगभरच्या आकड्यांत दिसलंय, अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे साधारण चार टक्क्यांनी. आणि वय कमी असलं की गाठ ईआर निगेटिव्ह असायची शक्यता कुठल्याही देशात जास्तच असते. म्हणजे पेशंटच तरुण, त्यामुळे ट्रिपल निगेटिव्हचा वाटा आपोआप फुगतो.

तर तुम्ही काय करायचं, कुठलाही आकडा वाचताना त्याच्या शेजारी वय शोधायचं. "पन्नासच्या आतल्या बायकांमध्ये" असं वेगळं दिलं असेल तर ते वाचा, सगळ्या वयांचा मिळून आकडा ४३ वर्षांच्या बाईला लावू नका.

दुसरी गोष्ट लॅबची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण ही कुठल्याच लिंकमध्ये नसते.

गाठीचा तुकडा काढला की तो तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, साध्या सलाइनमध्ये नाही, आणि फॉर्मालिनसुद्धा भरपूर पाहिजे, बाटलीच्या तळाला चमचाभर नाही. मग त्यात तो कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. हे जगभर पाळायचे नियम आहेत. उशीर झाला की पेशीतले रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडायचे हात, खराब होतात आणि रंग चढत नाही, आणि रंग चढला नाही की रिपोर्टवर निगेटिव्ह टाइप होतं. मी स्वतः टाइप केलेत असे, तेव्हा कळायचं नाही. शनिवारी दुपारी ऑपरेशन, सलाइनची बाटली वॉर्डातच राहिली, सोमवारी वॉर्डबॉय घेऊन आला. वरून बघितलं तर काही कळत नाही, तुकडा तुकड्यासारखाच दिसतो.

त्यामुळे भारतातल्या जुन्या अभ्यासांत ईआर पॉझिटिव्ह बायका जेमतेम तिसरा हिस्सा दिसायच्या, आणि पुढे मोठ्या हॉस्पिटलांनी फिक्सेशन, म्हणजे तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवणं, आणि टेस्ट सुधारली तसा तो आकडा निम्म्याच्या वर गेला. बायका त्याच, त्यांची जनुकं काही दहा वर्षांत बदलली नाहीत. म्हणजे "भारतीय बायकांचा कॅन्सर हार्मोनला दाद देत नाही" हे जे जुनं ऐकायला मिळतं त्यातला बराचसा भाग बाटलीतला आहे.

हे तपासायचं कसं? आयएचसीच्या, म्हणजे रंग देऊन ईआर, पीआर, हर टू बघतात त्या टेस्टच्या, रिपोर्टमध्ये इंटर्नल कंट्रोल असा शब्द शोधा. गाठीच्या बाजूला थोडं साधं, निरोगी स्तनाचं ऊतक आलेलं असतं, त्यातल्या नळ्यांच्या काही पेशींना ईआरचा रंग यायलाच पाहिजे. त्यांनाही रंग आला नसेल तर टेस्टच बिघडलेली आहे, गाठीबद्दल ती काहीच सांगत नाही. मावशीच्या रिपोर्टवर ती ओळच नव्हती. बायोप्सी तालुक्याच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालेली, कुठलं ते जाऊ दे. मी फोन करून विचारलं की बाजूच्या नॉर्मल डक्टला रंग आला होता का, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम असं कोणी विचारत नाही. मग काका जाऊन मेणाचे ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात ते, आणि काचा घेऊन आले. हे तुमच्या हक्काचं आहे, लेखी अर्ज द्या, सही करून मिळतं, फक्त एक-दोन दिवस जातात. ते आम्ही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत रिव्ह्यूला दिले, त्यांनी सांगितलं की नॉर्मल नळ्याही कोऱ्याच आहेत, यावरून काही बोलता येणार नाही. ब्लॉक आधीच खराब असला तर परत रंगवून उपयोग नसतो, त्यामुळे नवीन बायोप्सी घेतली. या वेळी मी स्वतः बाटली बघितली, वेळ लिहून घेतली लेबलवर, नर्स वैतागली, वैतागू दे.

नवीन रिपोर्ट आला, ईआर पॉझिटिव्ह, ऑलरेड स्कोअर, म्हणजे ईआरचा रंग किती चढला त्याचे मार्क, आठपैकी सहा, हर टू १+. ट्रिपल निगेटिव्ह नव्हतीच ती. म्हणजे आता तिला टॅमॉक्सिफेनची, म्हणजे इस्ट्रोजेनची वाट अडवणारी, गोळी चालणार होती, जी पहिल्या रिपोर्टवर कोणी दिलीच नसती.

प्रत्येकीचं असं होईल असं मात्र धरून चालू नका. माझ्या मैत्रिणीच्या आईचा रिव्ह्यू केला तेव्हा ट्रिपल निगेटिव्ह ते ट्रिपल निगेटिव्हच राहिलं, आणि त्यातही लवकर सापडली तर केमोला या गाठी चांगल्या विरघळतात. रिव्ह्यूसाठी आठवडा घालवा, महिना नको, आणि चालू उपचार आपल्या मनाने थांबवायचे नाहीत.

आता तिसरी गोष्ट, खरी बायॉलॉजी. वय आणि लॅब दोन्ही बाजूला काढलं तरी काही फरक उरतोच. त्यातली सगळ्यात स्पष्ट गोष्ट आफ्रिकेची आहे. अमेरिकेतल्या सर्जन लिसा न्यूमन यांनी घानातल्या कुमासीच्या आणि इथिओपियाच्या हॉस्पिटलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. काळ्या अमेरिकन बायकांत ट्रिपल निगेटिव्ह जास्त, ते गरिबीमुळे, उशिरा दवाखान्यात येण्यामुळे, की आणखी कशामुळे, हा प्रश्न होता. घानात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण काळ्या अमेरिकन बायकांपेक्षाही जास्त निघालं आणि इथिओपियात मात्र ते गोऱ्या अमेरिकन बायकांच्या जवळपास. दोन्ही आफ्रिकन, दोन्ही काळ्या. गुलामांची जहाजं पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिकपलीकडे गेली, त्यामुळे अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं नातं घानाच्या बाजूशी जास्त आहे, इथिओपियाशी कमी. पश्चिम आफ्रिकेत डफी-नल नावाचा एक जनुकातला बदल जवळपास सगळ्यांच्यात असतो, मलेरियाच्या एका प्रकारापासून तो वाचवतो, म्हणून तिथे टिकला, आणि ट्रिपल निगेटिव्हशी त्याचा संबंध दिसलाय. हे मला फार भारी वाटलं वाचताना, की डासाने हजारो वर्षांपूर्वी केलेली निवड आज डेट्रॉइटच्या बाईच्या गाठीत दिसते.

पण त्यातच दुसरंही आहे. अमेरिकेत काळ्या बायकांना हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा किंचित कमीच होतो, आणि मरण पावतात त्या साधारण ४० टक्के जास्त. ईआर पॉझिटिव्ह गाठींमध्येसुद्धा हे अंतर आहे, म्हणजे सगळं काही ट्रिपल निगेटिव्हवर ढकलता येत नाही. विमा, उशीर, मधेच सुटलेले उपचार हे सगळं त्यात आलं.

आपल्याकडचं चित्रही ऐका. २०२२ च्या जागतिक आकड्यांत, वयाचा फरक काढून, अमेरिकेत लाख बायकांमागे साधारण ९५ जणींना हा कॅन्सर होतो आणि भारतात २६-२७. मृत्यू मात्र दोन्हीकडे लाखामागे १२ ते १४ च्या घरात. एवढं अंतर गाठीच्या स्वभावाने पडत नाही. आपल्याकडे निम्म्याच्या वर बायका गाठ मोठी झाल्यावर, काखेत पोचल्यावर येतात. काकूच्या "जास्त वाईट" मधला मोठा भाग हा आहे, गाठ लागली तरी पोराची दहावी होऊ दे मग बघू.

आशियाबद्दल वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. ब्रिटिश अभ्यासात "एशियन" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकन अभ्यासात "एशियन" म्हणजे चिनी, फिलिपिनो, जपानी, कोरियन, व्हिएतनामी आणि आपण, सगळे एका पोत्यात. कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी बायकांत हर टू पॉझिटिव्ह गाठी गोऱ्या बायकांपेक्षा जास्त सापडल्यात, मलेशियातल्या बायकांच्या गाठींची जनुकं वाचली तेव्हाही हर टू वाला प्रकार जास्त दिसला. यातलं काही साताऱ्याच्या बाईला जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका. ताईला मी एवढंच सांगितलं, लिंक पाठवायच्या आधी खाली स्क्रोल कर आणि बायका कुठल्या होत्या ते बघ.

घरच्या जनुकांचं आता. बीआरसीए १ आणि २ सगळ्यांनी ऐकलेत, ही जनुकं बिघडलेली असली की स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत चाळिसात एकाला यातला बिघाड असतो आणि तोही बहुतेक ठरलेल्या तीनच जागी, कारण लहान समाज, आपसात लग्नं. मुंबईच्या पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचं १९७० च्या आसपासच डॉ. जस्सावालांच्या मुंबई कॅन्सर रजिस्ट्रीतून पुढे आलं होतं. तिथे आपसातली लग्नं आहेत, पण उशिरा लग्न आणि कमी मुलं हेही आहे, त्यामुळे एकच कारण धरून बसू नये. आपल्याकडेही दीड-दोन हजार वर्षं जातीतल्या जातीत लग्नं होत आली आहेत, त्यामुळे एखाद्या समाजात एखादा बिघाड साचलेला असू शकतो. पण भारतीयांची जनुकं जगाच्या डेटाबेसमध्ये फार कमी आहेत. म्हणून आपल्या बायकांच्या जेनेटिक रिपोर्टमध्ये व्हीयूएस हा शब्द जास्त वेळा येतो, म्हणजे बदल दिसतोय पण तो चांगला की वाईट ते माहीत नाही. व्हीयूएस बघून घाबरून कोणी स्तन काढून टाकायच्या गोष्टी करू नये, बहुतेक व्हीयूएस पुढे जाऊन निरुपद्रवी ठरतात. दर वर्ष-दोन वर्षांनी लॅबला मेल करून विचारायचं, निकाल बदलला का.

जनुकांची टेस्ट कोणी करायची हे डॉक्टर सांगतील, साधारणपणे पन्नासच्या आत कॅन्सर, किंवा ट्रिपल निगेटिव्ह कुठल्याही वयात, किंवा घरात ओव्हरीचा कॅन्सर असेल तर विचारतातच. तुम्ही घराण्याचा तक्ता करून न्या, आणि वडिलांची बाजू विसरू नका! आमच्याकडे सगळ्यांनी आजी, मावश्या मोजल्या, आत्या कोणी मोजली नाही कारण ती "दुसऱ्या घरची". बिघडलेलं जनुक वडिलांकडूनही तेवढंच येतं.

जागा बदलली की काय होतं तेही बघा. चिनी, जपानी, फिलिपिनो बायका अमेरिकेत गेल्यावर पिढी-दोन पिढ्यांत त्यांचा धोका तिकडच्या गोऱ्या बायकांच्या दिशेने चढत जातो, हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. तिकडे जाऊन काय, आपल्याच राज्यात बघा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री चालते, तिथलं प्रमाण मुंबईपेक्षा कितीतरी कमी. माणसं मराठीच. पहिलं मूल कधी, किती मुलं, वजन किती, चालणं किती, हे बदललं की आकडे बदलतात. म्हणून ताईला "आपल्यात कमी असतो" म्हणून निवांत राहता येणार नाही, ती तिशीत तिकडे गेली, एकच मूल, तेही पस्तिशीत. तिने तिथला नियम पाळावा, चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी. इकडे भारतात सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर पाच वर्षांनी एकदा हाताने तपासणी आहे, आणि ती किरकोळ समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, २०२१ मध्ये निकाल आला, पन्नासच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नासच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही. तरुण बायकांचा स्तन दाट असतो, मॅमोग्राफीतही गाठ लपते, म्हणून गाठ हाताला लागत असेल आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली तर सोनोग्राफीचं विचाराच.

नेटवर धोका मोजायचे कॅल्क्युलेटर असतात, वय टाका, पहिलं मूल कधी टाका, टक्के सांगतात. ते बहुतेक अमेरिकन-युरोपियन बायकांवर बेतलेले आहेत, भारतीय बाईसाठी नीट जमत नाहीत, तो टक्का मनाला लावून घेऊ नका. केमो लागेल का ते सांगणारी २१ जनुकांची महागडी टेस्टही मुळात बहुतेक गोऱ्या बायकांवर बसवलेली, आणि नंतर दिसलं की तोच स्कोअर असूनही काळ्या बायकांचं पुढे जास्त बिघडतं. आपल्याकडे बेंगळुरूत पाच प्रोटीनवरची एक स्वस्त टेस्ट निघालीये, भारतीय बायकांच्या गाठींवर सुरुवात केलेली. कुठली करायची, करायची का, हे डॉक्टरांशी बोला, पण हा प्रश्न विचारा की ही कुठल्या बायकांवर तपासलीये. आमच्या डॉक्टरांना राग नाही आला, उलट खुर्ची पुढे ओढून दहा मिनिटं बोलले.

आणि ब्लॉक. काम झालं की ते लॅबकडून परत आणायचे, पावती जपायची, पुढे कधी नवीन औषध आलं की त्याच ब्लॉकवर टेस्ट करता येते. गरम जागी ठेवू नका, मेण वितळतं, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. मावशीने तिचे दोन ब्लॉक आगपेटीच्या खोक्यात घालून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेत, पाटल्यांच्या शेजारी, आणि काकाला बजावून ठेवलंय की दिवाळीच्या आवराआवरीत ते खोकं कोणी टाकलं तर बघून घेईन.